लिफ्टची वकील

पहिल्याच भेटीत तो माझ्या डोक्यावर बसला होता. तक्रार म्हणून नाही सांगत, घडलं तसं सांगतेय.

आमच्या ऑफिसच्या इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उघडी उभी होती. मी दारात उकिडवी बसून, शाळेतली प्लॅस्टिकची फूटपट्टी उभी धरून, लिफ्टची जमीन आणि मजल्याची जमीन यांच्यात किती फरक पडतो ते मोजत होते. दोन सेंटिमीटर आणि वर दोन रेघा. वहीत टिपून घेणार, एवढ्यात वरून आवाज आला.

"बाई, बोटं बाहेर घ्या. राहिली तर लिहायला उपयोगी पडतील."

मी मान वर केली. लिफ्टच्या छताची झडप उघडी होती आणि त्या चौकोनातून एक चेहरा खाली डोकावत होता. गालावर ग्रीसचा पट्टा, कानामागे पांढऱ्या खडूचा तुकडा, आणि डोळ्यांत असं हसू, जणू मी त्याच्या घरात न विचारता शिरले होते.

"तुम्ही वर काय करताय?"

"दुरुस्ती. तुम्ही खाली काय करताय?"

"मोजमाप. मी लिफ्टची वकील आहे."

"लिफ्टने काय गुन्हा केला?"

"लिफ्टने नाही. तिची दुरुस्ती करतात, त्यांनी."

तो खाली उतरला. रागावेल असं वाटलं होतं, पण त्याने खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि माझ्या शेजारी बसला. "किती आलं तुमचं?"

"दोन पूर्णांक दोन."

"बरोबर दोन. तुमच्या पट्टीचा कोपरा झिजलाय, शून्यासकट."

मी बघितलं. खरंच झिजला होता. मला आधी लाज वाटली आणि मग राग आला, तोही त्याचाच.

"ही घ्या," त्याने स्टीलची पट्टी पुढे केली. "कोर्टात प्लॅस्टिक बरं दिसत नाही."

"मी कुणाकडून काही घेत नाही."

"मग उसनी घ्या. परत करायला तरी भेटाल."

हे वाक्य त्याने माझ्याकडे न बघता, पाना पुसत म्हटलं. मी पट्टी घेतली. का घेतली, ते त्या वेळी विचारलं असतं तर मी हरकत नोंदवली असती.

*

मी फक्त लिफ्टचे खटले घेणार, हे ठरवून आठ महिने झाले होते आणि आमच्या घरात त्यावर रोज सुनावणी चालायची. बाबा पस्तीस वर्षं वकील. जमीन, भाडं, वारसा, चेक, नवराबायको, जे येईल ते.

"वकिली म्हणजे किराणा दुकान," ते म्हणायचे. "सगळं ठेवावं लागतं. नुसतं मीठ विकून कुणाचं चाललंय?"

"बाबा, तुमच्या दुकानातला निम्मा माल लोक आता फोनवर फुकट घेतात."

हे लागणारं बोलणं होतं, पण खोटं नव्हतं. नोटीस, भाडेकरार, मृत्युपत्र, सगळं आता मशीन मिनिटभरात लिहून देतं. बाबांच्या ऑफिसबाहेर पूर्वी नऊ खुर्च्या लागायच्या, आता दोन पुरतात आणि त्यातल्या एकीवर वर्तमानपत्र बसलेलं असतं.

"त्या मशीनला सगळ्यातलं थोडं थोडं येतं," मी म्हणाले. "मला एकच गोष्ट मुळापासून यायला हवी."

"आणि ती लिफ्टच का?"

कारण बाबांच्या हाताखाली असताना मी एक खटला बघितला होता. सामान पोचवणाऱ्या एका माणसाची दोन बोटं लिफ्टच्या दारात गेली होती. ते दार कसं बंद होतं, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. समोरच्या वकिलाला नाही, न्यायाधीशांना नाही, बाबांना नाही, मलाही नाही. दहा मिनिटांत तडजोड झाली. तो माणूस उरलेल्या बोटांनी सही करून गेला. ते दृश्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी लिफ्ट शिकायला बसले.

बाबांनी दिलेल्या मागच्या खोलीच्या दारावर मी पाटी लावली—'फक्त लिफ्टचे अपघात'.

"ते 'फक्त' तरी काढ," बाबा म्हणाले.

"पाटी त्या 'फक्त'साठीच केलीय."

मग काका आले. काका म्हणजे बाबांचे कॉलेजातले मित्र, शहरातले बडे वकील, हाताखाली चाळीस ज्युनिअर. त्यांच्याकडे आता मशीन करार लिहायचं आणि ज्युनिअर दिवसभर त्यातल्या चुका शोधायचे. तिथे माझ्यासाठी एक खुर्ची राखून ठेवली होती. आणि माझ्या एकुलत्या एक मोठ्या खटल्यात समोरच्या लिफ्ट कंपनीचे वकीलही तेच होते.

"खटला संपेपर्यंत मी काही बोलणार नाही," काका म्हणाले. "हरलीस की ये. रुसू नकोस."

"आणि जिंकले तर?"

काका हसले. बाबा हसले नाहीत, पण म्हणाले, "पोरी, एवढा एक खटला लढ. हरलीस तर पाटी खाली आणि काकांकडे. कबूल?"

मी कबूल केलं. रागाच्या भरात मी आयुष्यातले बरेचसे निर्णय घेतले आहेत आणि त्यातले निम्मे बरोबर निघालेत.

माझी अशील म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या इमारतीतली लिफ्ट मजल्याच्या खाली थांबली, बाई समोर बघत बाहेर पडायला गेल्या, ठेच लागून पडल्या आणि खुबा मोडला. कंपनीचं म्हणणं, बाईंचं लक्ष नव्हतं, लिफ्ट ठणठणीत होती.

"चार बोटं खाली होती ना?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"बोटं कुणाची?" बाई म्हणाल्या. "साडेसहा सेंटिमीटर. पडल्यावर अर्धा तास डोळ्यांसमोर तेच होतं. दुसरं काय मोजणार?"

*

आमच्या इमारतीतली लिफ्ट त्यानंतर फार आजारी पडायला लागली. म्हणजे मेकॅनिक फार यायला लागला. कधी दाराचा सेन्सर, कधी पंखा, कधी बटणामागचा दिवा. काम झालं की तो मागच्या खोलीच्या दारावर टकटक करायचा. "फूटपट्टी, चहा?"

मी त्याला 'टपावरचे' म्हणायचे. कोपऱ्यावरच्या टपरीत आम्ही उभ्याने चहा प्यायचो आणि तो मला शिकवायचा. पेल्यांनी, बशांनी, माझ्या ओढणीच्या टोकाने. लिफ्ट मजल्याशी बरोबर थांबते ती ब्रेकमुळे. ब्रेकचं अस्तर झिजलं की ती थोडी घसरते. आज एक सेंटिमीटर, महिन्याने दोन.

"लिफ्ट एकदम दगा देत नाही," तो म्हणाला. "आधी सांगते. ऐकणारा पाहिजे."

"माणसंही सांगतात का आधी?"

"काही सांगतात." त्याने ओढणीचं टोक सोडलं. "काही नुसतीच पंखा दुरुस्त करायला येतात."

मी चहा प्यायले. चहा संपला होता, तरी प्यायले.

एकदा मी त्याच्या कानामागच्या खडूबद्दल विचारलं.

"वही कंपनीची, खडू आपला," तो म्हणाला. "वहीत काय, सही मागतात, करतो. पण खरोखर वर चढलो, काम केलं, तर टपावर खडूने तारीख घालतो. काय दिसलं तेही लिहितो. पुढच्या वेळी मलाच कळावं म्हणून. माझ्या उस्तादांची सवय. खाली खोटं चालतं, वर चालत नाही."

"आमच्या लिफ्टच्या टपावर पण लिहिलंय?"

"असेल."

"दाखवा ना."

तो एकदम लाल झाला, पार कानापर्यंत. "इथलं नको... धूळ फार आहे. दुसरीकडचं दाखवीन कधीतरी."

त्या दिवशी पाऊस होता. टपरीचं छप्पर एवढंसं, म्हणून तो निम्मा भिजत उभा राहिला आणि मला कोरडी जागा दिली. मी म्हटलं, इकडे सरका. तो म्हणाला, सरकलो तर तुम्ही मोजाल. आणि खरं सांगते, मी मोजलं असतं.

*

कंपनीने साक्षीदारांची यादी दिली. दुसऱ्या क्रमांकावर त्याचं नाव होतं.

मी यादी तीनदा वाचली. बाईंच्या इमारतीतली लिफ्टही त्याच्याच हद्दीत होती. सोबत दुरुस्तीच्या वहीची प्रत, बारा महिन्यांच्या बारा सह्या. सगळ्या त्याच्या.

बाईंनी प्रत डोळ्यांजवळ धरली. "एकच पेन, एकच दाब, एकच उतार. वर्षाची प्रगतिपुस्तकं एका बैठकीत भरलीत. मी ओळखते, मीही भरलीत."

मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं, आणि रडण्याचा संताप आला. लिफ्ट आधी सांगते म्हणे. मग याने का नाही सांगितलं?

दुसऱ्या दिवशी तो लिफ्टमध्येच भेटला. त्याला बहुतेक ऑफिसातून कळलं होतं, कारण तो म्हणाला, "ऐका, ती वही—"

"बोलू नका." मी हात वर केला. "तुम्ही समोरच्यांचे साक्षीदार आहात. एक शब्द बोललात तर तो मला कोर्टात सांगावा लागेल. निकाल लागेपर्यंत भेटायचं नाही, चहा नाही, काही नाही."

त्याने मान हलवली. मी पर्समधून स्टीलची पट्टी काढून पुढे केली. त्याने दोन्ही हात खिशात घातले. तीन मजले आम्ही गप्प वर गेलो. आकडे बदलत होते, पंखा घरघरत होता, आणि त्याच्या शर्टाला ग्रीसचा वास येत होता, जो मला आवडायला लागलाय हे मला तिथेच, त्या भलत्या वेळी कळलं. मी उतरले. पट्टी माझ्याच हातात राहिली.

साक्षीच्या दिवशी सकाळी मी बाबांसमोर बसले. पाटी लावल्यापासून पहिल्यांदाच काही विचारायला.

"खडूचं तो मला माणूस म्हणून बोलला होता, साक्षीदार म्हणून नाही."

"मग विचारू नकोस."

"मग बाई हरतील."

"मग विचार."

"मग त्याची नोकरी जाईल."

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हरलीस तर तुझी पाटीही जाईल, ते नाही म्हणालीस."

"ते नंतर आठवलं."

बाबांनी चष्मा पुन्हा घातला. "प्रश्न तू उघड विचार. उत्तर काय द्यायचं ते त्याला ठरवू दे. त्याचं ठरवायचं काम तू अंगावर घेऊ नकोस."

*

कोर्टात मी उभी राहिले ती आधी स्वतःबद्दलच सांगायला.

"या साक्षीदाराला मी ओळखते. आमच्या ऑफिसची लिफ्ट तेच बघतात, आणि यादीत नाव येईपर्यंत मी त्यांच्यासोबत चहा प्यायचे. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. मी जे विचारणार आहे, त्यातलं काही मला त्या चहाच्या वेळी कळलंय. कोणाची हरकत असेल तर आत्ता घ्यावी."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. काका हसत उठले. "हरकत कसली. तरुण वकिलांनी चहा प्यावाच. वही समोर आहे, सह्या कबूल आहेत."

मी त्याच्याकडे वळले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कानामागे खडू नव्हता. मला तो कान उघडा उघडा वाटला.

"या बारा सह्या तुमच्या?"

"हो."

"प्रत्येक सहीच्या दिवशी तुम्ही लिफ्टच्या टपावर चढला होतात?"

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं मास्तर वर्गात बघतात. मी हातातले कागद घट्ट धरले. हो म्हणाला असता तर मी तिथेच संपले असते, पाटीसकट. नाही म्हणाला असता तर तो संपला असता. मला त्या क्षणी दोन्ही नको होतं आणि तरी मी मागे हटले नाही.

"नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे साठ लिफ्ट आहेत. एवढ्या होत नाहीत. वही वर्षाअखेरीस ऑफिसात समोर ठेवतात, सह्या करायच्या."

काका उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

"आणि खरोखर काम करता, तेव्हा कुठे लिहिता?"

"ते तुम्हाला—" तो थांबला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग तो न्यायाधीशांकडे वळला. "खडूने लिहितो. लिफ्टच्या टपावर. या लिफ्टवरही आहे. बघून घ्या."

शनिवारी कोर्टाने नेमलेला अधिकारी, काकांचे दोन ज्युनिअर आणि मी बाईंच्या इमारतीत गेलो. काळा कोट काढून मी शिडी चढले. ज्युनिअर खालीच थांबले, त्यांचे बूट नवे होते. टपावर धुळीत पांढऱ्या अक्षरांच्या तीन ओळी होत्या, लागोपाठच्या तीन महिन्यांच्या. 'ब्रेक झिजला. कळवलं.' 'ब्रेक झिजला. परत कळवलं.' 'ब्रेक बदलल्याशिवाय चालवू नये. लेखी कळवलं.' त्यानंतर एकही तारीख नाही. शेवटची ओळ बाई पडल्या त्याच्या चौदा महिने आधीची होती. तो लेखी अर्ज मग कंपनीला कोर्टात आणावाच लागला.

याने सांगितलं होतं. तीनदा. ऐकणारा नव्हता. आणि मग थकून हा सह्या करत राहिला, हेही खरं, आणि ते मी त्याला माफ केलं नव्हतं. पण भर कोर्टात, गळ्यात त्यांचंच ओळखपत्र घालून, त्याने ते कबूल केलं होतं. मला असा दुसरा माणूस माहीत नव्हता.

सोमवारी त्याला कंपनीने काढलं.

*

निकाल दोन महिन्यांनी लागला. बाई जिंकल्या. निकालपत्रात न्यायाधीशांनी 'साडेसहा सेंटिमीटर' असं लिहिलं, तेवढं पान बाईंनी मागून घेतलं.

काका कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटले. "तू तर आमची दांडी उडवलीस. आता ऐक, आमच्याकडेच लिफ्टचा विभाग काढू. तू प्रमुख. मशीन कागद लिहील, तू सही करायची."

"न बघता सह्या केल्याचं काय होतं ते आत्ताच बघितलंत ना, काका?"

बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, म्हणजे हसू पुसलं.

ऑफिसात आले तर बाहेर एक गृहस्थ भाडेकरूची तक्रार घेऊन माझ्या दाराशी उभे होते. बाबांनी त्यांना हाताने स्वतःकडे वळवलं. "इकडे या. तिच्याकडे फक्त लिफ्ट." तो 'फक्त' त्यांनी असा उच्चारला, की मी तोंड फिरवून कुलूप उघडायला लागले. कुलूप उघडंच होतं.

तेवढ्यात जिन्यातून आमच्या लिफ्टचा नवा मेकॅनिक आला. "मॅडम, टपावर कुणीतरी काय काय लिहून ठेवलंय. पुसून टाकू?"

"हात लावायचा नाही," मी म्हणाले, आणि शिडी मागितली.

टपावर धूळ नव्हतीच. लख्ख पुसलेला पत्रा, त्यावर तारखा. महिन्यातून एकदा यायचं असतं, इथे दोन महिन्यांत चौदा. 'सेन्सर ठीक.' 'पंखा ठीक.' 'काही बिघाड नाही.' 'काही बिघाड नाही.' 'काही बिघाड नाही, तरी आलो.' पावसाच्या दिवसाची तारीख, पुढे नुसतंच 'भिजलो'. आणि सगळ्यात खाली, आम्ही तीन मजले गप्प चढलो होतो, त्या दिवसाची. 'आज बोलू दिलं नाही. बरोबर केलं.'

मी तिथेच बसले, ग्रीसमध्ये, कोर्टाच्या कपड्यांत. मग फोन काढला आणि यादी आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या नंबरवर लिहिलं—'आमच्या लिफ्टमध्ये बिघाड आहे. या.'

उत्तर आलं, 'मला काढलंय.'

'मी कंपनीला बोलावलं नाही.'

तो अर्ध्या तासात आला. धापा टाकत, म्हणजे जिन्याने आला असणार. तो लिफ्टच्या दारात वाकला, आत बघितलं, कुणी नाही. खिशातून सवयीने पट्टी काढायला गेला आणि ती नाही हे आठवून थांबला.

"बोटं बाहेर घ्या," मी झडपेतून म्हणाले.

त्याने मान वर केली. मी दोन महिने हा चेहरा मनात उलटसुलट बघितला होता, पण वरून कधी नाही. वरून तो जरा घाबरलेला दिसत होता.

"तुम्ही वर काय करताय?"

"वाचतेय."

त्याचे कान लाल झाले. "ते... ते मला पुसायचं होतं. राहून गेलं."

"खोटं. वर खोटं चालत नाही म्हणाला होतात."

त्याने लाल कान चोळला. मग म्हणाला, "नाही पुसायचं होतं."

"नोकरीचं काय?"

"दोन कंपन्यांनी विचारलं. दोघांकडे वही तीच. नाही म्हटलं. आता स्वतःच तपासतो, ज्याला खरं ऐकायचंय त्याच्यासाठी. तिघं मिळालेत." त्याने एक श्वास घेतला. "माझ्यामुळे तुमच्या बाई पडल्या. ब्रेक मी झिजवला नाही, पण सह्या मी केल्या. बाईंना भेटून हे सांगून आलोय."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, चूक शंभर वेळा लिहून काढ. काढतोय."

मला हसू आवरेना. झडपेतून मी स्टीलची पट्टी खाली धरली. "ही तुमची उसनी पट्टी."

तो ती घ्यायला हात वर करणार, तेवढ्यात मी ती मागे घेतली. "मी परत करणार नाहीये. हे सांगायला बोलावलं."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्याकडे नवे पाच खटले आलेत आणि मला खरं मोजणारा माणूस लागेल. ते कामाचं झालं, ते आपण लेखी, रीतसर करू. आणि दुसरं..." एवढ्या मोठ्या कोर्टात न अडखळणारी मी, त्या पत्र्यावर बसून अडखळले. "दुसरं म्हणजे, तू मला आवडतोस. बिघाड नसताना येणारा तू एकटाच."

त्याने शिडीवर एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि झडपेतून त्याचं डोकं वर आलं, माझ्या गुडघ्यांच्या अगदी जवळ. त्याने कानामागचा खडू काढून माझ्यापुढे धरला.

"तारीख घाल," तो म्हणाला. "आणि काय दिसलं ते लिही."

मी त्याच्या शेवटच्या ओळीखाली आजची तारीख घातली. हात ग्रीसने घसरत होता आणि तो माझं अक्षर सोडून माझ्याकडेच बघत होता. मी लिहिलं, 'आला. रोज यावं.'

त्याने ते वाचलं, माझ्या बोटांतून खडू घेतला, आणि पुढे सही केली. आधी नीट बघून.